अनसपोर्टेड सायकल रेस आणि रस्त्याचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा मोठी अनसपोर्टेड रेस (म्हणजे मागे मदतीची गाडी किंवा टीम नाही, सगळं स्वतःच बघायचं) करणारे लोक टायर, गिअर, बॅग याबद्दल खूप विचारतात आणि रस्त्याच्या नियमांबद्दल शेवटी, तेही जरा चाचरत विचारतात. म्हणून ते प्रश्न इथे एकत्र घेतलेत. उत्तरं माझी आहेत, पण तुमच्या रेसची नियमावली वेगळं काही सांगत असेल तर नियमावलीच खरी धरा.

रेस चालू असताना ट्रॅफिकचे नियम आपल्याला लागू होतात का?

हो, सगळेच्या सगळे. टीव्हीवर जी रेस बघतो तिथे रस्ता बंद केलेला असतो, पुढे पोलिसांच्या मोटारसायकली, मागे टीमच्या गाड्या. आपल्याकडे यातलं काहीच नसतं. ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेस २०१३ साली लंडनहून इस्तंबूलला गेली, ट्रान्स ॲम अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरच्या अस्टोरियापासून दुसऱ्या किनाऱ्यावरच्या यॉर्कटाउनपर्यंत जवळपास ६,८०० किलोमीटर जाते, एवढा रस्ता कोण बंद करणार? तुमच्या शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही रेसमध्ये आहात हे माहीतच नसतं, त्याच्या लेखी तुम्ही एक सायकलवाला.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. बऱ्याच देशात सार्वजनिक रस्त्यावर रेस लावायला परवानगी लागते, ब्रिटनमध्ये तर रस्त्यावरच्या सायकल रेससाठी १९६० पासून वेगळे नियमच आहेत. म्हणून आयोजक सुरुवातीपासून सांगत असतात की तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करणारे लोक आहात आणि जिथे असाल तिथला कायदा पाळणार आहात. ही सही करताना घाईत वाचून सोडून द्यायची ओळ नाहीये, या रेस होतात त्या त्याच ओळीच्या भरवशावर होतात. दरवर्षी दहा-वीस जण सिग्नल तोडताना दिसायला लागले की एखादा देश, एखादं शहर सहज म्हणू शकतं की आमच्याकडून जाऊ नका.

रात्री तीन वाजता, चौकात चिटपाखरू नाही आणि सिग्नल लाल. खरंच थांबायचं?

थांबायचं. मला माहितीये की त्या क्षणी हे मूर्खपणाचं वाटतं, पाय गार पडतात, लय तुटते, समोर सगळं मोकळं दिसत असतं. पण रात्री तीन वाजता, चार दिवसांची झोप थकलेली असताना "कुणी येत नाहीये" हे ठरवणारं डोकं कुठलं आहे? तेच ना, जे मगाशी रस्त्याकडेच्या झुडपाला माणूस समजलं होतं. त्या डोक्यावर मी तरी हा निर्णय सोडत नाही, मी तो घरी बसून, पोटभर झोप झालेली असताना आधीच घेऊन टाकते : लाल म्हणजे पाय खाली. मग रस्त्यावर विचार करायला काही उरतच नाही, आणि थकलेल्या माणसाला तेवढाच एक विचार कमी.

वेळेचा हिशोबही करून बघा. दिवसाला ४० लाल सिग्नल लागले, प्रत्येकी ४० सेकंद थांबलात, तर साधारण २७ मिनिटं गेली. आणि ४० म्हणजे खूप झाले, दिवसातला बराचसा रस्ता गावाबाहेरचा असतो. याउलट दुकानात काय घ्यावं हे न सुचून शेल्फसमोर नुसतं उभं राहण्यात किती वेळ जातो ते एकदा मोजा. वेळ कमवायचा असेल तर तिथे कमवा.

रेल्वे फाटकाला तर अजिबातच अपवाद नाही. फाटक खाली असेल तर खाली वाकून पलीकडे जायचं नाही, गाडी दिसत नसली तरी नाही, एक गाडी गेल्यावर फाटक वर जायच्या आत तर नाहीच कारण दुसऱ्या रुळावरून दुसरी येत असू शकते.

सिग्नल सेन्सरवर असेल आणि सायकलसाठी हिरवा होतच नसेल तर?

पुष्कळ ठिकाणी डांबराखाली तारेचं वेटोळं असतं, त्याच्या वरच्या कापाच्या रेषा रस्त्यावर दिसतात. दोन्ही चाकं त्या रेषेवर येतील असे उभे रहा, धातूची रिम असेल तर बऱ्याचदा ओळखतं. नाहीच झालं तर खाली उतरा, पादचाऱ्यांचं बटण असेल तर ते दाबा आणि सायकल हातात धरून पादचारी म्हणून चालत जा. एक मिनिट जातं.

अमेरिकेत सायकलवाल्याला स्टॉपच्या पाटीवर थांबावं लागत नाही असं ऐकलंय, खरं आहे?

काही राज्यांत खरं आहे. आयडाहोने १९८२ मध्ये हे सुरू केलं, तिथे सायकलवाला स्टॉपच्या पाटीला "बघून, दुसऱ्याला आधी जाऊ देऊन पुढे जा" असं समजू शकतो. ट्रान्स ॲमचा रस्ता आयडाहोतून जातो. पण ही सवलत राज्याची आहे, देशाची नाही, राज्याची हद्द ओलांडली की तुमची कालची सवय आज गुन्हा असू शकते. म्हणून माझा सल्ला असा की सवलत असली तरी सवय लावून घेऊ नका, थकल्यावर हद्द कधी ओलांडली हे लक्षात राहत नाही.

आठ-दहा देशांतून जायचं असेल तर प्रत्येकाचा कायदा पाठ करायचा का?

सगळा कायदा नाही, पण सायकलवाल्याला लागू होणाऱ्या पाच-सहा गोष्टी प्रत्येक देशाच्या काढायच्याच. युरोपात काम थोडं सोपं आहे कारण रस्त्याच्या पाट्या बऱ्यापैकी सारख्या आहेत, १९६८ च्या व्हिएन्ना करारामुळे. लाल कडेचं वर्तुळ आणि आत सायकल म्हणजे सायकलला बंदी. निळ्या पाटीवर पांढरी कार समोरून दाखवलेली असेल तर तो फक्त मोटारींचा रस्ता, मोटरवे (म्हणजे एक्सप्रेसवे) नसला तरी आपल्याला बंदी. ही पाटी सगळ्यात जास्त लोक चुकवतात कारण रस्ता दिसायला साध्या हायवेसारखाच असतो.

खरा गोंधळ रंगांचा आहे. इटली, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, क्रोएशिया इथे हिरव्या पाट्या म्हणजे मोटरवे. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये मोटरवे निळा. आणि फ्रान्समध्ये हिरवी पाटी असते साध्या मोठ्या रस्त्यावर, जिथे सायकलला बहुतेक वेळा परवानगी असते. म्हणजे फ्रान्समधून इटलीत उतरलात आणि डोक्यात "हिरवं म्हणजे ठीक" असं बसलं असेल तर सरळ मोटरवेच्या रॅम्पवर जाल, आणि इटलीत निळं बघून उगीच घाबराल. प्रत्येक सीमेवर एकदा थांबून हे मनात बदलायचं, मी ते पाणी भरताना करते.

बाकीच्या गोष्टी :

इटलीत गावाबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत रिफ्लेक्टिव्ह जॅकेट किंवा पट्टे सक्तीचे, बोगद्यात तर कधीही. फ्रान्समध्येही गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात जॅकेट लागतं. स्पेनमध्ये गावाबाहेर हेल्मेट लागतं, ऑस्ट्रेलियात सगळीकडे (रेसचा स्वतःचा हेल्मेटचा नियम असतोच, त्यामुळे हा मुद्दा तसा मिटलेला आहे). जर्मनीत लुकलुकणारा दिवा चालत नाही, स्थिर लागतो. ब्रिटनमध्ये अंधार पडल्यावर मागे लाल रिफ्लेक्टर आणि पेडलला पिवळसर रिफ्लेक्टर लागतात, आणि क्लिपवाल्या (बूट अडकवायच्या) पेडलना बहुधा ते नसतात, तर तेवढी सोय आधी बघा.

आणि युरोपच्या मुख्य भूमीवर एक नियम ज्यांना माहीत नाही त्यांनी कृपया शिकून घ्या : चौकात कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. छोट्या गावातल्या गल्लीतून कार सरळ तुमच्यासमोर येते आणि तिची काहीही चूक नसते. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली तर मोठ्या रस्त्याचा, म्हणजे तुमचा हक्क, आणि त्याच पाटीवर काळा पट्टा मारलेला दिसला की तो हक्क संपला.

डावीकडून चालवायची सवय आहे, उजवीकडच्या देशात काय होतं?

पहिल्या दिवशी काही होत नाही कारण तुम्ही सावध असता. चूक होते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पहाटे, दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून पुन्हा रस्त्याला लागताना, जेव्हा रस्त्यावर दुसरी गाडी नसते आणि शरीर आपोआप जुन्या बाजूला वळतं. हँडलवर चिकटपट्टी लावून त्यावर उजवीकडे जाणारा बाण काढा. साधी गोष्ट आहे, खरंच उपयोगी पडते.

शेजारी सायकल ट्रॅक असेल तर तो वापरायलाच लागतो का? खड्डे असतात, वेग जातो.

पाटी बघा. निळं गोल आणि त्यात पांढरी सायकल असेल तर जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स इथे सर्वसाधारणपणे ट्रॅक सक्तीचा. फ्रान्समध्ये निळी पाटी चौकोनी असेल तर ऐच्छिक. नेदरलँड्समध्ये आयताकृती पाटीवर "फीट्सपाड" असं लिहिलेलं असेल तर तोही ऐच्छिक.

वेग जातो हे मान्य. मग रूट आखतानाच त्याचा विचार करायचा, सक्तीच्या ट्रॅकचा पट्टा लांब असेल तर समांतर गावरस्ता शोधायचा, किंवा दर तासाची सरासरी तिथे कमी धरायची. ट्रॅक सोडून मुख्य रस्त्यावर आलात तर मागचा ड्रायव्हर चिडतो आणि तो राग तो तुमच्यानंतर येणाऱ्या रायडरवर काढतो.

ॲपनेच रूट दिलाय, मग तो कायदेशीर असणारच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ॲप नकाशातल्या माहितीवर चालतं, ती माहिती कुणीतरी भरलेली असते, आणि "इथे सायकलला बंदी" हे भरायचं राहून गेलं असेल तर ॲप तुम्हाला खुशाल तिकडे पाठवतं. ज्या रेसमध्ये रूट ठरवून दिलेला असतो तिथे हे काम आयोजकांनी केलेलं असतं, पण ट्रान्सकॉन्टिनेन्टलसारख्या रेसमध्ये चेकपॉईंटच्या मधला रस्ता तुम्हीच शोधायचा असतो, शिवाय आयोजकांची बंदी घातलेल्या रस्त्यांची यादी असते आणि ती कायद्यापेक्षा कडक असू शकते. म्हणजे सरकारला चालतो पण रेसला चालत नाही असा रस्ता असू शकतो, कारण तो धोकादायक आहे.

मी असं करते : रूट तयार झाला की सगळे मोठे रस्ते, सगळे बोगदे, लांब पूल आणि जिथे दोन मोठे रस्ते एकमेकांत मिसळतात त्या जागा वेगळ्या काढते आणि प्रत्येक ठिकाणी रस्त्याचे फोटो उघडून पाटी शोधते. कंटाळवाणं काम आहे, चार हजार किलोमीटरला कित्येक संध्याकाळी जातात. पण याच संध्याकाळी तुम्ही नियम पाळत असता, खरं तर नियम पाळले जातात ते इथे, टेबलाशी बसून. रस्त्यावर आल्यावर तुमच्या हातात फार थोडं उरतं, समोर बंदीची पाटी आणि पर्यायी रस्ता ३० किलोमीटरचा फेरा असेल तेव्हा भलेभले सज्जन लोक "दोनच किलोमीटर तर आहेत" म्हणतात.

प्रत्येक संशयाच्या जागेसाठी दुसरा रूट आधीच डिव्हाइसमध्ये टाकून ठेवा.

चुकून बंदी असलेल्या रस्त्यावर आलोच तर?

घाबरून उलटं फिरून राँग साईडने जाऊ नका, ही पहिली गोष्ट. अगदी कडेला रहा, सगळे दिवे चालू करा आणि पहिल्या सुरक्षित ठिकाणी बाहेर पडा. मग बहुतेक रेसमध्ये नियम असा असतो की जिथे रस्ता चुकलात तिथे परत जाऊन पुढे कायदेशीर रस्त्याने यायचं. आयोजकांना लगेच मेसेज टाका.

माझ्या बाबतीत एकदा झालंय. संध्याकाळची वेळ, रस्त्याचं काम चालू, वळणाची पाटी मी नीट वाचली नाही आणि बघता बघता मोटारींच्या रस्त्यावर आले. शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी पट्टी, नाही, ट्रक इतके जवळून जात होते की हँडल हलत होतं. पुढच्या फाट्याला बाहेर पडले, कुंपणापलीकडे बसले आणि कितीतरी वेळ हात थरथरत होते. मागे जाऊन परत यायला दीड तास गेला. तो दीड तास मला अजिबात वाईट वाटत नाही, त्याआधीची ती सात-आठ मिनिटं मात्र अजूनही आठवतात.

बोगद्यांचं काय?

आधी बंदी आहे का ते बघा, पुष्कळ बोगद्यांना असते आणि बाहेरून जुना रस्ता जात असतो. परवानगी असेल तर आत शिरायच्या आधी थांबा, गॉगल काढा, पुढचे-मागचे दिवे लावा, जॅकेट घाला. मागून गाड्यांचा घोळका येत असेल तर जाऊ द्या आणि मोकळी जागा मिळाली की शिरा.

दिवे किती आणि कसले?

पुढे एक, मागे दोन, आणि मागचे दोन एकाच चार्जवर किंवा एकाच तारेवर अवलंबून नकोत. डायनॅमो छान, पण मोठ्या चढावर वेग कमी झाला की प्रकाश मंदावतो, आणि तार तुटली तर तुम्हाला समोर दिसत असतं, मागचा गेलाय हे कळतच नाही. दर थांब्याला मागे हात लावून बघायची सवय ठेवा. बॅगेवर लटकवलेला दिवा हळूहळू खाली झुकतो आणि जमिनीला प्रकाश देत बसतो, हेही तपासा.

घोट्याला रिफ्लेक्टिव्ह पट्टे बांधा. वर-खाली हलणारे दोन ठिपके बघितले की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा सायकलवर बसलेला माणूस आहे, नुसत्या लाल ठिपक्यावरून ते कळत नाही.

इअरफोन लावले तर चालतात? झोप घालवायला गाणी लागतात.

फ्रान्समध्ये २०१५ पासून सायकल चालवताना कानात काहीही घालायला बंदी आहे, स्पेनमध्येही चालत नाही. इटलीत एक कान मोकळा असेल तर चालतं. आणि गाणी लागतायत म्हणजे झोप आलीये, तर पुढचं उत्तर वाचा.

झोपेबद्दल कायदा काय म्हणतो?

किती तास झोपलंच पाहिजे असा सायकलवाल्यासाठीचा नियम सहसा नसतो, पण वाहन ताब्यात ठेवायच्या अवस्थेत असलं पाहिजे हे तत्त्व जवळजवळ सगळीकडे आहे. आणि मला विचाराल तर या सगळ्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच, कारण बाकीचे सगळे नियम जागं डोकंच पाळू शकतं.

ताशी २५ किलोमीटरला एका सेकंदात तुम्ही जवळपास ७ मीटर जाता. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे २१ मीटर, आणि पांढऱ्या पट्टीपासून लेनच्या मध्यापर्यंत जायला त्यातले थोडेसेच पुरतात. डोळे उघडे असून मागचा एक किलोमीटर आठवत नाही, एकच वाक्य डोक्यात फिरतंय, सायकल सारखी पट्टीवर जातेय, यातलं एक जरी झालं तरी पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. वीस मिनिटांची झोप सुद्धा कामाला येते. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नका.

माईक हॉल, ज्यांनी ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेस सुरू केली, ते ३१ मार्च २०१७ ला पहाटे अंधारात, ऑस्ट्रेलियातल्या इंडियन पॅसिफिक व्हील रेसमध्ये कॅनबेराजवळ मोनारो हायवेवर कारच्या धडकेत गेले. ती रेस तिथेच थांबवली गेली. त्यांच्याइतका अनुभव फार कमी लोकांकडे होता. मी हे कुणाची चूक दाखवायला लिहीत नाहीये, रात्रीचा वेगवान रस्ता काय चीज आहे हे लक्षात रहावं म्हणून लिहितेय. मी आता रूट आखताना रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात मोठा हायवे येणार नाही असा प्रयत्न करते, आला तर झोपेची वेळ तिथे सरकवते.

दुसऱ्या रायडरबरोबर बाजूबाजूने गप्पा मारत गेलो तर?

दोन वेगळे प्रश्न आहेत. रेसचा नियम : ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं, चालत नाही (जोडीने नाव नोंदवलेलं असेल तर जोडीदारामागे चालतं). थोडा वेळ शेजारी चालवून बोललं तर बहुतेक रेसमध्ये हरकत नसते. रस्त्याचा नियम : देशागणिक वेगळा, काही ठिकाणी दोघं बाजूबाजूने चालतात, काही ठिकाणी एकामागे एक. अरुंद रस्त्यावर मागून गाडी आली की एकामागे एक व्हा, पण मधलं अंतर मोठं ठेवा, म्हणजे ड्राफ्टिंगही होत नाही आणि गाडीला मधे शिरायला जागाही मिळते.

ट्रॅकरवरून नियम मोडलेला कळतो का?

रस्ता कळतो, सिग्नल नाही. ट्रॅकर काही मिनिटांनी एकदा जागा पाठवतो, त्यामुळे मोटरवेवर गेलात तर आयोजकांना आणि घरी बसून नकाशावर रायडरचे ठिपके बघणाऱ्यांना दिसतं. त्यावर वेळेचा दंड किंवा सरळ बाद, जशी चूक तसं.

दुसरा रायडर सिग्नल तोडत चाललाय आणि माझ्या पुढे जातोय. तक्रार करू?

आधी त्यालाच सांगा, भेटल्यावर, शांतपणे. बऱ्याचदा माणूस इतका थकलेला असतो की त्याला भानच नसतं, आणि तुमच्या बोलण्याने तो थांबून झोपतो. ऐकलंच नाही, किंवा प्रकार जिवाशी खेळण्याचा असेल, तर आयोजकांना कळवा, वेळ आणि जागा लिहून. सोशल मीडियावर टाकू नका.

पोलिसांनी थांबवलं तर?

थांबा, हेल्मेट-गॉगल काढा, ओळखपत्र दाखवा, रेसचं कारण पुढे करू नका. तुम्ही लांबचा प्रवास करताय एवढं सांगा, खोटं न बोलता. दंड झाला तर भरा, पावती जपून ठेवा आणि आयोजकांना कळवा. पुष्कळदा पोलीस तुमच्या काळजीनेच थांबवतात, आणि पुढचा बरा रस्ताही तेच सांगतात.

रेस संपली, घरी आल्यावर रूट बघताना कळलं की दोन किलोमीटर बंदीच्या रस्त्यावरून गेलो होतो. कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. काय करू?

आयोजकांना लिहा, आजच. जागा, वेळ, कसं झालं, एवढं तीन ओळीत. वेळेचा दंड लागेल, कदाचित दोन-चार नंबर खाली जाल. तुमच्या बरोबरीने आलेला जो रायडर तोच रस्ता टाळून तासभर जास्त चालवून आला, त्याचा नंबर त्याला मिळेल. आणि आयोजकांना ती जागा पुढच्या वर्षीच्या बंदीच्या यादीत टाकता येईल.